कीटक सर्वांसाठी, किल्ली माझ्याकडे

५ जानेवारी, सकाळ
संकल्प. या वर्षी कीटकांविषयीचं सगळं ज्ञान सर्वांना मोफत. सर्वांना म्हणजे सर्वांना. गरीब, श्रीमंत, शेजारी. (वरच्या मजल्यावरचे सोडून. ते बाल्कनीतून पाणी सांडतात.)

उभं आयुष्य फवारणी खात्यात गेलं. गल्लोगल्ली धूर मारत फिरलो. खात्यात मला ‘धूर’ म्हणायचे, अर्थात प्रेमाने. धूर विरला की जमिनीवर जे काही पाय वर करून पडलेलं असे, ते काड्यापेटीत घालून घरी आणायचो. ऑफिसातून लोक पेनं आणतात, कागद आणतात. मी कीटक आणले. त्यातून हा संग्रह उभा राहिला. काचेच्या झाकणाच्या पेट्या, प्रत्येक कीटक टाचणीवर, खाली चिठ्ठी. कपाट उघडलं की उग्र वास येतो. तो ज्ञानाचा वास. मला फार आवडतो.

संकल्प हिला सांगितला. आयुष्यभर मारलेत आणि आता फुकट वाटायला निघालात, असं ही म्हणाली. मोठ्या कामाला पहिला विरोध घरूनच होतो.

११ जानेवारी
पहिली बैठक, आमच्या स्वयंपाकघरात. हजर: मी, ही, मुलगी, टोपी.

टोपी हा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद पडला, पण डोक्यावरची टोपी गेली नाही. घरातसुद्धा काढत नाही. फोटो तो काढणार. मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, दर रविवारी येते, वेबसाइट ती करणार. चिठ्ठ्यांवरचं अक्षर मूळचं हिचंच (माझं मलाही लागत नाही), त्यामुळे माहिती उतरवून ही देणार. दृष्टिकोन आणि प्रस्तावना माझी.

कामाची वाटणी अत्यंत न्याय्य झाली.

२ फेब्रुवारी
जोरात काम. ही कपाट उघडते, पेटी काढते, चिठ्ठी वाचते, टोपी फोटो काढतो. मग दोघं कशावर तरी हसतात. शास्त्रीय कामात हसणं मला पसंत नाही. मी आतल्या खोलीत प्रस्तावना लिहीत होतो. पहिलं वाक्य झालं. खोडलं.

९ फेब्रुवारी
आज संग्रहातल्या रत्नाचा फोटो. माझी काळी मधमाशी! ऑफिसच्या मागच्या बागेत सापडली होती. अशी मधमाशी जगात कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. एक दिवस शास्त्रज्ञांना तिचं नाव ठेवावं लागेल आणि त्यात माझं आडनाव असेल. आडनावाचं लॅटिन करून पाहिलं. भारदस्त वाटतं.

टोपी भिंगातून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग पंख किती असतात रे मधमाशीला, असं विचारू लागला. तू आपला फोटो काढ, असं सांगितलं. ज्याचं काम त्याने करावं.

२३ फेब्रुवारी
महत्त्वाचा निर्णय. प्रत्येक फोटोवर आडवं, ठळक अक्षरात माझं संपूर्ण नाव. मुलगी म्हणाली की बाबा, मग किडा दिसणार कसा? मी म्हणालो, किडा काय, कुठेही दिसतो. तो कुणी मिळवला हे दिसलं पाहिजे. ती आईकडे बघू लागली. ही खिडकीबाहेर बघू लागली.

शिवाय वेबसाइट उघडण्याआधी प्रत्येकाने अर्ज करायचा: नाव, पत्ता, ज्ञान कशासाठी हवं आहे त्याचं कारण, ओळखीच्या दोन प्रतिष्ठित माणसांची नावं. मोफत म्हणजे मोकाट नव्हे.

१ मार्च
ऐतिहासिक दिवस! वेबसाइट सुरू. पहिल्या पानावर धुरळणी यंत्र घेतलेला माझा फोटो. कीटक पुढच्या पानावर.

आलेले लोक: मी. मी, फोनवरून. मी, वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून. मुलगी, सगळं चालतंय का बघायला. आणि एक अनोळखी गृहस्थ. त्यांच्या घरी झुरळं झाली आहेत, फवारणीला कधी येता, असं त्यांनी अर्जात विचारलं. नामंजूर.

१५ मार्च
आणखी दोन अर्ज. एकाने कारणाच्या जागी लिहिलं आहे: सहज. सहज म्हणजे काय? ज्ञान हे काय वाटेत पडलं आहे? नामंजूर. दुसरी एक बाई, कारण पटलं म्हणून आत घेतली. तिने विचारलं की मुंग्यांना पाय सहा की आठ, फोटोत मोजता येत नाहीत. पाय माझ्या आडनावाखाली गेले आहेत, ही गोष्ट खरी. पण उत्तर इतक्या सहजी देऊन टाकलं तर माणसं प्रस्तावना वाचणार नाहीत. प्रस्तावना वाचा, असं कळवलं.

प्रस्तावना अजून व्हायची आहे. मान दुखते.

४ एप्रिल
टोपी आणि मुलगी हल्ली फारसे काही विचारत नाहीत. प्रस्तावना कुठवर आली, असंही नाही. मी मुद्दाम दोन दिवस त्यांच्यासमोर मान चोळत बसलो. टोपी म्हणाला, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. नकटी कोण, ते विचारायचं राहिलं.

घरात काहीतरी शिजतंय.

१९ एप्रिल
गाल सुजलाय. तरी लिहितो.

दाढ दुखत होती म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर यायची वाट बघत बाकावर बसलो होतो. समोर भिंतीवर रंगीत पोस्टर: घरातले कीटक, ओळखा आणि घाबरू नका. मध्यभागी झुरळ. माझं झुरळ! मी ते कुठेही ओळखीन. त्याची डावी मिशी अर्धी तुटलेली आहे, कारण ते काड्यापेटीत असताना मी पेटीवर बसलो होतो. शेजारी माझा मुंगळा. माझा नाकतोडा. त्यांचे सगळे पाय दिसत होते, सगळे पंख दिसत होते. माझं नाव कुठेही दिसत नव्हतं. खाली एका भलत्याच वेबसाइटचा पत्ता आणि एक ओळ: कुणीही वापरा.

डॉक्टरांनी सांगितलं की तिथे असे शेकड्यांनी फोटो आहेत, कुणीतरी भल्या माणसाने ठेवलेत. भल्या माणसाने! दाढ उपटली. त्या दुःखापुढे ते दुःख काहीच नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घरी चौकशी केली. गालात कापूस असल्यामुळे आवाज हवा तसा चढला नाही. तिघांनीही कबूल केलं. लाज नाही, शरम नाही. जिथे कुणीही देतो आणि कुणीही घेतो अशी ती सार्वजनिक वेबसाइट. मार्चपासून रोज थोडे थोडे करून सगळे फोटो तिथे टाकले. माहितीसकट. मुलगी म्हणाली की बाबा, तुम्हीच म्हणाला होता ना, सर्वांना म्हणजे सर्वांना? टोपी म्हणाला की अरे धूर, किती लोक बघतायत बघ तरी. ही म्हणाली की लोक तिथे मनापासून आभार मानतात हो.

कुणाचे आभार? माझे? मला तर कुणी भेटलं नाही.

पोटची मुलगी, शाळेपासूनचा मित्र आणि लग्नाची बायको. शत्रू लांब असता तर बरं झालं असतं. निदान त्याला चहा तरी करून द्यावा लागला नसता. (चहा हिनेच केला. पण साखर मी आणली होती.)

२० एप्रिल
उपाय.
कपाटाची किल्ली हिच्या डब्यातून काढून घेतली. दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. सगळ्या पेट्यांच्या काचांवर तपकिरी कागद चिकटवला, म्हणजे आता कुणी चोरून फोटो काढू शकणार नाही. टोपीला घराची पायरी बंद. हिच्याशी अबोला. फक्त अत्यावश्यक बोलणं: चहा, टॉवेल, पेपर, चष्मा कुठे आहे.

२ मे
आंघोळ करताना किल्ली टोचते. तरी चालेल.

हिने आज किल्ली मागितली. म्हणाली की अहो, कपाट मधूनमधून उघडावं लागतं, मला आत जरा... पुढचं मी बोलूच दिलं नाही. का, उरलंसुरलं वाटून टाकायला? असं विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालायला गेली. बिंग फुटलं की माणसं अशीच कपडे आवरायला घेतात.

३ जून
आता हद्द झाली. त्या सार्वजनिक वेबसाइटवर गेलो. (शत्रूच्या गोटात काय चाललंय ते कळायला हवं म्हणून. रोज जातो.) माझ्या काळ्या मधमाशीच्या फोटोखाली ‘पानवेल’ नावाच्या कुणीतरी लिहिलं आहे की ही मधमाशी नाही. मधमाशीला पंख चार असतात, हिला दोनच आहेत. ही एक माशी आहे, मधमाशीचं सोंग घेऊन फिरते, म्हणजे कुणी खात नाही. बागेत खूप दिसतात. आणि शेवटी: इतक्या स्वच्छ फोटोबद्दल आभार, त्यामुळेच पंख मोजता आले.

माशी! मला माशी ओळखता येत नाही? फवारणी खात्यात माशा मारण्यात माझी हयात गेली!

माझ्या वेबसाइटवर पंखांवरून माझं नाव गेलेलं आहे. तिथे हे कधीच घडलं नसतं. फोटोवर नाव घालण्याचं शास्त्रीय महत्त्व यातून सिद्ध होतं. ‘माशी’ ही दुरुस्ती आता तिथे कायम झाली. मला कुणी विचारलं नाही.

२१ जून
पानवेलला सविस्तर निषेध पाठवला. अडीच पानी. उत्तर आलं, चार ओळी. फोटोत दोन पंख एकावर एक आले असतील तर चूक माझी असू शकेल, मूळ नमुना भिंगाखाली बघाल का, मलाही शिकायला मिळेल. वर नमस्कार.

या गोड बोलण्याला मी फसणार नाही. नमुना दाखवीन, पण माझ्या वेळेला, माझ्या अटींवर आणि चारचौघांत.

१४ जुलै
कपाटाजवळचा उग्र वास जवळजवळ गेला आहे. घरभेद्यांचे हात लागेनासे झाल्यापासून हवासुद्धा शुद्ध झाली.

हिने पुन्हा किल्ली मागितली. नाही दिली. टोपी जिन्यात भेटला. हातात कसलीशी पुडी होती. वहिनींना दे म्हणाला. लाच! घेतली नाही. तो तसाच उभा राहिला आणि मी दार लावून घेतलं. दार लावल्यावर थोडा वेळ मीही तसाच उभा होतो. पाठीला रग लागली होती, म्हणून.

६ ऑगस्ट
एक सुखद घटना. खिडकीच्या काचेवर छोटे छोटे गोल किडे येतात. ठिपकेदार, दाण्याएवढे, फार गोंडस. माणसांनी पाठ फिरवली तरी कीटकांना माझी ओढ आहे. उजेडाकडे तोंड करून बसतात. हिने फडक्याने झटकायला घेतले, मी अडवलं. या घरात एवढे तरी माझ्या बाजूचे.

१२ सप्टेंबर
कपाटाखाली बारीक भुकटी पडते. रोज पुसावी लागते. सुताराने लाकूड हलकं वापरलं. त्याच्यावरही मी विश्वास टाकला होता. यादीत आणखी एक.

माझ्या वेबसाइटवर या महिन्यात अर्ज: एक. झुरळंवाले गृहस्थ. झुरळं अजून आहेत.

हिने तिसऱ्यांदा किल्ली मागितली. या खेपेला मी पेपरातून मानही वर केली नाही.

२५ ऑक्टोबर
ठरलं. वाचनालयात माझं जाहीर व्याख्यान. विषय: पंख दोन की चार? एका कटाचा पर्दाफाश. वाचनालयाच्या बाईंनी सूचना फलकावर लिहिताना फक्त ‘कीटकांविषयी गप्पा’ असं लिहिलं. सगळीकडे एकच टोळी.

मधमाशीची पेटी सर्वांदेखत उघडायची. तोवर कागद काढायचा नाही, म्हणजे मी आत काही फिरवाफिरव केली असं कुणाला म्हणता येणार नाही. भिंग आणून ठेवलं. चार पंख मोजले गेले की टोपीने माफी मागायची, मुलीने फोटो काढून टाकायचे, पानवेलने माझ्या नावासकट दुरुस्ती करायची. हिने काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. हिने नेहमीसारखं बोलावं. हल्ली फार कमी बोलते.

१६ नोव्हेंबर
व्याख्यान झालं.

श्रोते: ही, मुलगी, दातांचे डॉक्टर, वाचनालयाच्या बाई, रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा (ते उठलेच नाहीत म्हणून धरायचे). शेवटच्या रांगेत टोपी, न बोलावता.

विश्वासघातावर अर्धा तास बोललो. आवाज चांगला लागला होता. मग पेटी टेबलावर ठेवली आणि कागद एका झटक्यात ओढला.

आत टाचण्या होत्या. ओळीत, ताठ उभ्या. प्रत्येक टाचणीखाली हिच्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी. आणि टाचणीवर काही नव्हतं. एका टाचणीवर एक पाय होता. काळ्या मधमाशीच्या टाचणीवर तेवढंही नव्हतं. तळाशी भुकटी, आणि त्या भुकटीतून एक केसाळ, तपकिरी अळी सावकाश चालली होती.

पेपरवाल्या आजोबांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं की यात मधमाशी कोणती?

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. टोपीने डोक्यावरची टोपी काढली. मी त्याला पहिल्यांदा तसा पाहिला. पूर्ण टक्कल पडलंय त्याला, मला माहीतच नव्हतं. हिने पुढे येऊन पेटीवर पुन्हा कागद घातला आणि चला घरी, एवढंच म्हणाली.

१७ नोव्हेंबर
बाकीच्या पेट्या उघडल्या. सगळ्या तशाच. झुरळ नाही, मुंगळा नाही, नाकतोड्याचा एक गुडघा आहे. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे किड्यांनीच किडे खाल्ले. आणि कुणाच्या घरात? ज्याने सबंध गाव फवारलं त्याच्या!

सर्वांनी दगा दिला, तेव्हा एवढं लागलं नव्हतं. रडलो. सर्दी झाली आहे, असं सांगितलं. हिने वाफेचं पाणी ठेवलं.

१९ नोव्हेंबर
अळीचा फोनवर फोटो काढला. थोडा हलला. विचारायचा कुणाला? माझ्या वेबसाइटवर मी एकटाच आहे आणि मला माहीत नाही.

शेवटी त्या सार्वजनिक वेबसाइटवर खातं उघडलं. कारण विचारलं नाही. प्रतिष्ठित माणसांची नावं मागितली नाहीत. फक्त एक चौकोन होता: हा फोटो कुणीही वापरायला माझी हरकत नाही. चहा होईपर्यंत त्या चौकोनाकडे बघत बसलो. मग खूण केली. पेट्या कशा रिकाम्या निघाल्या तेही खाली लिहिलं. लगेच वर आलं: नवीन सदस्य, स्वागत! न घाबरता विचारा, इथे कुणीच जन्मतः तज्ज्ञ नसतं.

चहा संपायच्या आत पानवेलचं उत्तर. ही संग्रह खाणाऱ्या भुंग्याची अळी. वाळलेले कीटक, लोकर, पिसं काहीही खाते. मोठी झाली की छोटा, गोल, ठिपकेदार भुंगा होतो आणि उजेडासाठी खिडकीच्या काचेवर येऊन बसतो. (!) बंद कपाटात फार वाढते. डांबराच्या गोळ्या ठेवल्या की येत नाही, पण गोळ्या हवेत उडून जातात, विरत आल्या की नव्या घालाव्या लागतात. आणि शेवटी: तुमच्या संग्रहाचं वाचून फार वाईट वाटलं. पूर्वी तुमच्या कपाटाकडे कोण बघत असे?

हिला विचारलं. ही म्हणाली की मीच घालायची, दुसरं कोण? टोपीभाऊजी दुकानातून आणून द्यायचे. पुडी घेऊन आले होते ना जुलैत. मी म्हणालो, मग सांगायचं नाही का? ही म्हणाली की तीनदा किल्ली मागितली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उलट काही बोलता आलं असतं.

म्हणजे तो ज्ञानाचा वास डांबरगोळ्यांचा होता.

सगळ्यांना मोठ्या मनाने माफ करायचं ठरवलं. हिला तसं सांगितलंही. बरं, म्हणाली.

३० नोव्हेंबर
पानवेलच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. आधी लिहिलं: मी. कीटक गोळा कुणी केले, फवारणी कुणी केली, त्या अर्थाने. मग खोडलं. लिहिलं: घरातली माणसं. पाठवून दिलं.

संग्रह बघावासा वाटला की आता त्याच वेबसाइटवर जावं लागतं. सगळे आहेत तिथे. झुरळाची डावी मिशी अर्धीच आहे. माशीच्या फोटोत पंख मोजले. दोन. पुन्हा मोजले. मुलीला विचारलं की माझी प्रस्तावना तिथे कुठे घालता येईल? तिथे प्रस्तावनेची जागाच नसते, म्हणाली. तशी ती व्हायचीच आहे.

माझ्या अळीचा हललेला फोटो आतापर्यंत चौघांनी उतरवून घेतला. एकानेही नाव विचारलं नाही.

टोपी आला होता. पुडी घेऊन. यावेळी घेतली. टक्कल झाकून चहा प्यायला. साखर दोन चमचे, ते माझ्या लक्षात होतं.

किल्ली हिच्या डब्यात परत ठेवली. कपाटात आता आमचे स्वेटर असतात. उघडलं की तोच उग्र वास येतो.